लिंपलेला कूड

"सर, आकडा उतरून राहिलाय."

प्रणालीला हे दोनदा सांगावं लागलं. शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता आणि बाहेर आखराकडे, गुरं जमतात त्या मैदानाकडे निघालेल्या बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. मी चष्मा पुसून मीटरजवळ गेलो. सकाळी तिथे सत्त्याण्णव होते, आता चौऱ्याण्णव. माझ्या डोळ्यांदेखत तो आणखी किंचित घसरला.

"ऊन चढलंय, त्याने असेल," मी म्हणालो.

"उन्हाने एवढा नाही उतरत, सर. मी सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं. दाब बरोबर आहे. पाणी काढून टाकलं. वासाचा गॅस शून्य. मग उरलं काय?"

ती माझ्याकडे बघतही नव्हती. एक झडप चाचपायची, मीटरकडे यायची, ओढणीने कपाळ पुसायची आणि पुन्हा त्याच झडपेकडे जायची. तिला बघून माझेही पाय एका जागी ठरेनात.

"बक्षीसाहेब निघाले का?" मी विचारलं.

"वर्धा सोडलं म्हणे. आता पोचतीलच."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमच्या पिंपळधरीत महिलांच्या दूध मंडळाचा गोबरगॅस आधीपासून होता. गावभरचं शेण टाकीत जायचं आणि त्यावर चार-दोन चुली पेटायच्या. पण टाकीतून निघणारा गॅस निम्माशिम्माच कामाचा असतो. त्यात मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. चूल तेवढ्यावर भागवते, इंजिन भागवत नाही. तो नको असलेला वायू वेगळा काढणारं यंत्र पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला हंगामापुरतं दिलं होतं. दिलं म्हणजे प्रणालीने ते त्यांच्याकडून ओढून आणलं होतं. माझ्याच शाळेतली पोरगी, इंजिनिअर झाली, त्या कंपनीत लागली आणि पहिलं यंत्र माझ्याच गावात बसवा म्हणून हटून बसली.

कंपनीची अट सरळ होती. पोळ्याला सगळं गाव जमतं. त्या दिवशी कंपनीच्या बक्षीसाहेबांसमोर या गॅसवर ट्रॅक्टर चालवून दाखवायचा आणि मिथेनचा आकडा शहाण्णवच्या वर ठेवायचा. जमलं तर यंत्र पिंपळधरीत कायम राहणार. नाही जमलं तर पोळ्यानंतर ते ट्रकवर चढणार आणि मिरजेकडच्या एका डेअरीत जाणार. यंत्राबरोबर प्रणालीलाही जावं लागणार होतं.

आणि पोळ्याच्याच दिवशी आकडा उतरत होता.

शेडच्या पायरीवर नामाजी ढोले बसला होता. यंत्राची राखण, शेणाचा गाळ ढवळणं, तेलपाणी बघणं ही त्याची कामं. जन्मभर त्याने बैल राखले होते, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. शेवटचा चांद्या उन्हाळ्यात गेला. त्यानंतरचा हा पहिलाच पोळा. त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटाही होता, पण तो आखराकडे गेला नव्हता. माळा वाजल्या की मान वळवायचा, बैल दिसेनासा झाला की पुन्हा हातातल्या काडीने मातीत रेघा ओढायचा.

"का गा नामाजी, तोरणाखाली नाही जात?"

"कोणाले घेऊन जाऊ, मास्तर? नुसतं धोतर मिरवाले?"

 मी उगाच कॉम्प्रेसरभोवती एक फेरी मारली. त्याच्या लोखंडी खांद्यावर हळदीची पिवळी बोटं उमटली होती आणि पायाशी पळसाचं एक पान पडलं होतं. गावात कुठलंही यंत्र आलं की कोणीतरी त्याला हळदकुंकू लावतंच. मी ते पाहिलं आणि पुढे गेलो.

"सर, इकडे या." प्रणालीने आवाज खाली आणला. "हे बघा." तिने एक चाक थोडं फिरवलं. कॉम्प्रेसरचा सूर बदलला, जड झाला. आकडा घुटमळला आणि चढू लागला. पंचाण्णव. शहाण्णव. शहाण्णवच्या थोडा वर जाऊन थांबला.

"झालं की मग!" मी म्हणालो.

"नाही झालं. मी आत जाणारा गॅसच कमी केला. नळ्यांतून गॅस हळू गेला की जास्त साफ होतो. बिघाड आत आहे तिथेच आहे. पण साहेब येऊन जाईपर्यंत एवढ्यावर निभेल." ती ओठ चावत उभी राहिली. "निभेल ना, सर?"

शाळेत असताना गणिताचं उत्तर आलं पण रीत चुकली, की ती अशीच बघायची.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

ती पुन्हा त्या झडपेकडे गेली.

तेवढ्यात पोरं आली. दहा-बारा असतील, नवे कपडे, कपाळाला गुलाल. त्यांना ट्रॅक्टर कधी सुरू होणार ते हवं होतं. ट्रॅक्टर सकाळपासून आखरावर उभा होता, झेंडूच्या माळा आणि फुगे बांधून. बैलवाल्यांनी त्याची टिंगल सुरू केली होती म्हणे.

"सर, सुरेशकाका म्हनते, तुमचा बैल उपाशी हाये काय!"

"सर, तो शेणावर चालते तं त्याले शेणच टाका ना तोंडात!"

"बाहेर चला आधी," मी म्हणालो. "इथे गॅस आहे. बाहेर गेल्यावर सांगतो, तो बैल काय खातो ते."

खरं सांगायचं तर मलाच बाहेर जायचं होतं. त्या आकड्याकडे बघवत नव्हतं. आणि हात रिकामे असले की मला एकच गोष्ट येते, पोरांना गोळा करून काहीतरी शिकवणं.

शेडसमोरच्या मोकळ्या जागेत मी चार मोठ्या पोरांना दोन ओळींत उभं केलं, समोरासमोर, मध्ये बोळ ठेवून. "तुम्ही म्हणजे भिंतीऐवजी बांधतात तो तुराट्यांचा कूड. हात पसरा. फटी ठेवा, पण अगदी बारीक. उरलेले सगळे या बोळात शिरा. बारीक आहे तो कार्बन, जाड आहे तो मिथेन."

"मी मिथेन! मी मिथेन!" प्रज्योत ओरडला. त्याच्या पोटावरून शाळेत रोज चिडवाचिडवी व्हायची. जाड असण्याचा त्याला पहिल्यांदाच काही फायदा दिसला होता.

"तू मिथेनच. आता मागून कोणीतरी ढकला. कॉम्प्रेसर हेच करतो, दाबून ढकलतो. बारक्यांनी फटीतून बाहेर सटकायचं. जाड्यांनी सरळ पुढे जायचं."

धक्काबुक्की झाली. बारकी पोरं कुडाच्या काखेखालून सटासट बाहेर पडली. प्रज्योत आणि दुसरा एक गोलमटोल पोरगा दुसऱ्या टोकाला पोचले आणि हात वर करून नाचू लागले.

"बघा, टोकाला कोण आलं?"

"मिथेन!"

"तोच ट्रॅक्टरला पाजायचा. आत त्या पांढऱ्या नळ्या आहेत ना, त्यांच्या पोटात शेवयांसारखे बारीक धागे आहेत, आतून पोकळ. त्या धाग्यांच्या भिंती म्हणजे हा कूड. त्याला म्हणतात मेंब्रेन."

पायरीवर नामाजी हसत होता. सकाळपासून पहिल्यांदा.

"आता मला सांगा," मी विचारलं, "हा खेळ कधी बिघडेल?"

"ढकलणारा झोपला तं!"

"प्रज्योत मधातच बसला तं!"

"कूड लिंपला तं," राणू म्हणाली. दुसरीतली पोरगी, सगळ्यांत शेवटी बोलणारी. "आमच्या घरचा कूड आईनं लिंपला, तं उजेडबी येत नाही आत."

"शाब्बास. पण कशाने लिंपशील? यात शेण जात नाही, फक्त हवा जाते."

तिने विचार केला. "तेलानं. आमच्या चुलीजवळच्या खिडकीले जाळी हाये. फोडणीचा धूर लागून लागून तिचे भोकं बुजले."

"वा! अगदी बरोबर," मी म्हणालो आणि पोरांना पुन्हा ओळीत उभं करू लागलो. उत्तर समोर येऊन उभं राहिलं होतं. मी त्याला शाबासकी दिली आणि पुढे निघालो.

नामाजी उठला. फेटा सावरत माझ्याजवळ आला.

"मास्तर, तेल जाते काय तठवर? त्या धाग्यायपर्यंत?"

"कॉम्प्रेसरमधलं? त्याचा बारीक फवारा गॅसबरोबर निघतो थोडासा. पण मध्ये गाळणी आहे, ती अडवते."

"अन् लय घातलं तं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग मला ती हळदीची बोटं आठवली. आणि पळसाचं पान.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात, त्यांवर लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात. बैलाला आवतण देतात, उद्या जेवायला या म्हणून. आणि त्या दिवशी बैलाला काही कमी पडू देत नाहीत.

"नामाजी, काल तू..."

"मळले मी त्याचे खांदे." तो हळूच म्हणाला. "हात शिवशिवून राह्यले होते, मास्तर. घरी तं खुंटा रिकामा. म्हटलं, हाही बिचारा दिवसभर वढते, कोणी पाहत नाही त्याच्याकडं. मंग तेल पाजलं. काचेत दिसते तठपर्यंत भरलं, अन् मंग आवतण म्हनून आणखीन घातलं."

पोरं गोंगाट करत होती. मी त्याचा हात धरून आत गेलो.

प्रणालीने ऐकून घेतलं.  कॉम्प्रेसरजवळ वाकून तेलाच्या काचेत बॅटरी मारली. काच काठोकाठ भरलेली होती, तेलाची पातळी दिसतच नव्हती. सकाळी घाईत तिने काच भरलेली पाहिली असणार आणि तेल आहे म्हणून पुढे गेली असणार.

"आबाजी!" तिचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलं होतं मी..."

"काय सांगितलं होतं, पोरी?" नामाजीने विचारलं. उलट उत्तर म्हणून नव्हे. त्याला खरंच आठवून बघायचं होतं. "तू म्हटलं होतं, या रेघीच्या खाली जाऊ देऊ नका. मी नाई जाऊ देलं कधी."

प्रणालीने पुन्हा काचेकडे पाहिलं. काचेवर दोन रेघा होत्या. खालच्या रेघेचं तिने सांगितलं होतं. वरच्या रेघेचं सांगायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. तेल जास्त कोण घालेल?

नामाजी खाली बसला, अगदी जमिनीवर. "म्हंजे हाही मेला काय माह्या हातानं?"

"नाही मेला," प्रणाली म्हणाली. "अजून नाही."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि पोरं तिकडे धावली.

बक्षीसाहेब आत आले. पन्नाशीचे गृहस्थ, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, गळ्यात कोणीतरी घातलेला हार तसाच. ते सरळ मीटरपाशी गेले. तिथे शहाण्णवच्या वरचा आकडा होता.

"छान! मला वाटलं होतं, पोळ्याच्या धांदलीत तुम्ही काहीतरी घोळ घालणार. चला, ट्रॅक्टर भरून टाकू. सगळा गाव ताटकळलाय. फोटोवाला पण आणलाय मी."

प्रणाली जागची हलली नाही. मी तिच्याकडे बघत होतो. मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं, की अजून थोडा वेळ यंत्र असंच चालू राहिलं तर ट्रॅक्टर निघेल, फोटो निघेल, यंत्र आमचं होईल. आणि तेवढ्या वेळात तेलाचा फवारा एकेका नळीत झिरपत जाईल. गाळणी केव्हाच चिंब झाली असणार. उद्या यंत्र आमचं असेल आणि त्याचा कूड लिंपलेला असेल.

 परीक्षेत मी कधी कुणाला उत्तर सुचवलं नाही, आताही नाही.

तिने हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

कॉम्प्रेसर घरघरत थांबला. इतकी शांतता झाली की आखरावरचं डफडं स्पष्ट ऐकू आलं.

"हे काय केलंत?" बक्षीसाहेब म्हणाले.

"तेल जास्त झालंय, सर. मेंब्रेनमध्ये जातंय. तो आकडा मी प्रवाह कमी करून चढवला होता. खरा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली असेल."

"तेल कोणी घातलं?"

"म्या घातलं, साहेब." नामाजी उभा राहिला.

"ऑपरेटर का हे? याला ट्रेनिंग दिलं होतं ना? प्रणाली, अशी माणसं यंत्रावर ठेवायची नसतात. कोणीतरी शिकलेला..."

"ट्रेनिंग मी दिलं होतं, सर," प्रणाली मध्येच म्हणाली.  "अर्धंच दिलं. कमी पडू देऊ नका एवढंच सांगितलं. रिपोर्टमध्ये चूक लिहायची असेल तर ती माझी लिहा. आणि यंत्र न्यायचं असेल तर न्या. पण आज चालू ठेवून नासवून नेऊ नका."

 गळ्यातला हार काढून बक्षीसाहेबांनी कॉम्प्रेसरवर ठेवला. मग त्यांना ती पिवळी बोटं दिसली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं, खांदमळणी म्हणजे काय ते. मुलांना सांगतो तसंच सांगितलं, दुसरी रीत मला येत नाही. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. मध्येच त्यांनी बोटाने हळद पुसून बघितली आणि वास घेतला.

"किती नळ्या गेल्या असतील?" त्यांनी प्रणालीला विचारलं.

"पहिली तर गेलीच. बाकीच्या वाचतील असं वाटतं. गाळणी बदलायची, तिच्यामागचा तेल शोषणारा कोळसा बदलायचा, तेल रेघेपर्यंत आणायचं. सामान आहे माझ्याकडे."

"हं." ते दारात जाऊन उभे राहिले. तोरणाखालून बैल सुटत होते, हर हर महादेवचा गजर उठला होता आणि फुगे बांधलेला ट्रॅक्टर एका बाजूला मुका उभा होता. "माझी उद्या नागपूरहून गाडी आहे. पण उद्या तिथे मारबतीची मिरवणूक. रस्ते बंद, कुठे अडकून पडेन सांगता येत नाही. एक दिवस इथेच थांबतो झालं." मग जरा दमाने, "हे तुमच्यासाठी नाही हं. मारबतीसाठी."

"जेवाले मास्तरकडं जा साहेब," नामाजी म्हणाला. "पुरणपोळी चांगली असते तठी."

त्या दिवशी ट्रॅक्टर चालला नाही. आखरावरून येता-जाता लोक त्याच्या बॉनेटवर थापा मारत होते. "काऊन गा, आजारी पडला काय? वैद्याले बोलाव!" प्रणालीने ते सगळं ऐकलं, मान खाली घालून गाळणीचे स्क्रू काढत राहिली. नामाजी तिच्या शेजारी बसून तेलाच्या धारेखाली डबा धरत होता. काचेतलं तेल उतरत उतरत वरच्या रेघेला आलं.

"आता थांबा, आबाजी."

"ही वरची?"

"ही वरची. हिच्या वर नाही. त्या खालचीच्या खाली नाही. दोन्हीच्या मधात."

"मंग असं सांगाव ना वो बाई," नामाजी म्हणाला, "की जू बरोबर मधात बसवा."

ती त्याच्याकडे बघून हसली, पण डोळे भरून आले होते तिचे. मला तिथे थांबवेना. मी घरी जाऊन साहेबांसाठी खाट टाकली.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झालं. पहिली नळी बंद ठेवली होती. आकडा चढायला फार वेळ लावत होता. प्रणाली उभी, मी उभा, बक्षीसाहेब चहाचा कप हातात धरून उभे. नव्वदीवर रेंगाळला. मग पुढे सरकला, पुन्हा अडला. साहेबांचा चहा थंड झाला. शहाण्णव आलं. सत्त्याण्णवला साहेब म्हणाले, "प्रवाह कमी केलेला नाहीये ना?"

"तुम्हीच बघा, सर."

त्यांनी बघितलं. पूर्ण होता.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तो पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत पोरं गावातून फिरतात, आणि जो तो त्यांच्या हातावर काही ना काही ठेवतो. संध्याकाळी सगळी पोरं मारुतीच्या देवळाजवळ जमली. प्रज्योतच्या बैलाचं एक शिंग तुटलेलं होतं, राणूच्या बैलाला आईच्या ब्लाउजच्या कापडाची झूल होती. पोरांच्या मागे, गॅस भरलेला ट्रॅक्टर.

ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि धरलं. पोरांनी असा काही आरडाओरडा केला की देवळावरची कबुतरं उडाली. प्रणाली चाकाजवळ उभी होती, दोन्ही हात कानांवर ठेवून. बक्षीसाहेबांचा फोटोवाला कालच परत गेला होता. त्यांनी स्वतःच्या फोनवर काढला फोटो.

यंत्र पिंपळधरीत राहिलं. आता तिथे तशी दोन आहेत.

मला मात्र त्या संध्याकाळचं एकच चित्र आठवतं. पोरं निघाली, ट्रॅक्टर निघणार, एवढ्यात नामाजी घरून धावत आला. तेच धुतलेलं धोतर, तोच फेटा. त्याच्या हातात चांद्याचा कासरा होता, नवा रंग दिलेला. त्याने तो ट्रॅक्टरच्या पुढच्या कडीला बांधला, टोक खांद्यावर टाकलं आणि पोरांच्या मागोमाग, ट्रॅक्टरच्या पुढे चालू लागला. चालता चालता माझ्याजवळून गेला तेव्हा थांबून म्हणाला, "मास्तर, बरोबर बांधला ना?"

ट्रॅक्टरला कासरा लागत नाही. मी जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त करत आलोय.

"बरोबर बांधलाय," मी म्हणालो. "जरा ढिला ठेव."